आठही दिवे लागतात, तरी लाइन नीट चालत नाही. केबलमधला दोष शोधायला कोणतं टूल घेऊ? (बडोदा)

कारेलीबाग_लॅब

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात एका शाळेत संगणक शिकवते. लॅब, ऑफिस आणि कॅमेरे धरून चाळीसेक लाइन आहेत, आणि गेल्या वर्षापासून त्यांची जबाबदारीही माझ्याकडे आली आहे. केबल ज्यांनी टाकली ते ठेकेदार आता शहरात नाहीत. नकाशा नाही, निम्मी लेबलं पुसलेली आहेत.

सध्या तीन लाइनींनी जीव खाल्लाय. अकाउंट्सच्या खोलीतलं मशीन गिगाबिटवर (सेकंदाला १००० मेगाबिट) येतच नाही, १०० वर अडकतं, आणि सर्व्हरवरची मोठी फाइल उघडताना पार थांबून जातं. आधी इंटरनेटवाल्यांना दोष दिला, पण ही तर इमारतीच्या आतलीच गोष्ट. दोन-तीनशे रुपयांचा लॅन टेस्टर लावला तर एक ते आठ दिवे अगदी ओळीने लागतात.

गच्चीवरचा एक कॅमेरा दिवसभर छान चालतो, अंधार पडला की बंद-चालू, बंद-चालू.

तिसरी लाइन तळमजल्यावरच्या प्रवेश-खिडकीची. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा त्या खोलीत गुडघाभर पाणी होतं. सुकल्यावर लाइन आपोआप चालू झाली म्हणून कुणी हात लावला नाही. तेव्हापासून ती मनात येईल तेव्हा तुटते, पावसात जास्तच.

व्यवस्थापनाने १५,००० रुपये मंजूर केलेत. "एकदाच काय ते चांगलं मशीन घ्या" असं सांगितलंय. सयाजीगंजच्या दुकानात तीन प्रकार दाखवले: बीप करणारा वायर ट्रॅकर, स्क्रीनवर लांबी दाखवणारा टेस्टर आणि पीओई (नेटवर्क केबलमधूनच वीज देण्याची पद्धत) तपासणारा छोटा डबा. तिन्ही घ्यायला पैसे पुरत नाहीत. पुढच्या महिन्यात लॅबमध्ये ऑनलाइन परीक्षा आहे. कोणता घेऊ?

तळेगाव_आयटी

काम पक्कं हवं असेल तर सर्टिफायरशिवाय पर्याय नाही. फ्लूकचा डीएसएक्स-५००० लावला की क्रॉसटॉक (एका तारजोडीचा सिग्नल दुसरीत शिरणं), रिटर्न लॉस, इन्सर्शन लॉस सगळं मोजून पास की फेल ते कागदावर येतं. आमच्या कंपनीत त्या रिपोर्टशिवाय ठेकेदाराचं बिल पास होत नाही. बाकीची टूलं म्हणजे अंदाज.

ग्वाल्हेर_लष्कर

तळेगाव, तुमचं म्हणणं नव्या बांधकामाला लागू आहे. केबल कंपनीची वीस-पंचवीस वर्षांची वॉरंटी घ्यायची असते तिथे तो रिपोर्ट लागतोच. पण ते यंत्र लाखांत जातं, दरवर्षी कॅलिब्रेशन लागतं, आणि ताईंच्या हातात १५,००० आहेत. शिवाय त्यांना तीन लाइनी दुरुस्त करायच्या आहेत, इमारत प्रमाणित करायची नाहीये.

ताई, पैसे खर्च करायच्या आधी स्विचला (सगळ्या लाइनी जिथे येऊन मिळतात त्या डब्याला) विचारा. तुमचा स्विच मॅनेज्ड किंवा स्मार्ट असेल तर त्याच्या पानावर प्रत्येक पोर्टचे सीआरसी किंवा एफसीएसचे, म्हणजे बिघडून पोचलेल्या डेटाचे, आकडे दिसतात. ते शून्य करा, अकाउंट्सच्या मशीनवर दहा मिनिटं मोठी फाइल कॉपी करा, परत बघा. आकडा वाढला तर चौकटी (डेटाचे तुकडे) वाटेत बिघडताहेत. मग दोन्ही टोकांचे पॅच कॉर्ड (मशीनला आणि स्विचला जोडणाऱ्या सुट्या छोट्या केबली) बदलून परत तेच करा. इथे महाराज बाड्याच्या आसपास माझी जुन्या इमारतींमधली बरीच गिऱ्हाइकं आहेत, आणि भिंतीतल्या केबलपेक्षा खुर्चीच्या चाकाखाली आलेला पॅच कॉर्ड मला जास्त वेळा सापडलाय.

बऱ्याच स्विचमध्ये केबल टेस्टही असते, मायक्रोटिकमध्ये आहे, सिस्कोमध्ये आहे. लिनक्सवर एथटूलमध्येही २०२० पासून आहे, फक्त नेटवर्क कार्डाने साथ द्यायला हवी. अंतर काही मीटरने इकडेतिकडे दाखवतं, पण कुठली तारजोडी तुटलेली आहे आणि साधारण कुठे, एवढं फुकटात कळतं.

कारेलीबाग_लॅब

स्विच स्मार्ट आहे, पण त्यात केबल टेस्ट सापडली नाही. पोर्टचे आकडे मिळाले. तुम्ही सांगितलं तसंच केलं. दहा मिनिटांत सीआरसी शून्यावरून ४१२. पॅच कॉर्ड बदलून परत केलं तर ३८०. म्हणजे दोष आतल्या केबलमध्येच ना? मग टेस्टरचे दिवे खोटं सांगतात का?

पंचडाउन_मकरपुरा

ताई, दिवे खोटं सांगत नाहीत, त्यांना विचारलेला प्रश्नच लहान आहे. मी मकरपुरा जीआयडीसीत गेली बावीस वर्षं हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तो टेस्टर एका टोकाला बॅटरीचं व्होल्टेज एकेका तारेवर टाकतो आणि दुसऱ्या टोकाला दिवा लावतो. इकडची तीन नंबरची तार तिकडे तीन नंबरवरच पोचते का, एवढंच तो सांगतो. त्याला मिलिअँपिअरभर करंट पुरतो. तारेचा एक केस धरून राहिला असला तरी दिवा लागेल. आणि कुठली तार कुणाच्या जोडीने पिळलेली आहे हे त्याला कळायची सोयच नाही.

इथेच खरी मेख आहे. आपल्या केबलमध्ये चार जोड्या असतात, आणि गिगाबिट त्या चारही वापरतं. १०० वाल्याला फक्त १-२ आणि ३-६ या दोन लागतात. प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा ठेवलेला असतो, म्हणजे एकीचा आवाज दुसरीत जाऊ नये. आता कनेक्टरवर ३ आणि ६ ही एक जोडी आहे, आणि तिच्या मध्ये ४-५ बसते. ज्याला हे ठाऊक नाही तो माणूस रंग जसे दिसतात तसे ओळीने लावतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तसंच लावलं की आठही दिवे ओळीत लागतात. पण ३-६ चा सिग्नल आता अर्धा हिरव्या जोडीतून आणि अर्धा निळ्या जोडीतून जातो. पीळ फुकट गेला. याला स्प्लिट पेअर म्हणतात. दहा मीटरच्या लाइनवर चालूनही जातं, लांबी वाढली की चुका सुरू होतात आणि गिगाबिट हात टेकतं.

हे पकडायला क्रॉसटॉक बघणारा टेस्टर लागतो. फ्लूकच्या मायक्रोस्कॅनरच्या जातीचे, वायरमॅपमध्ये "स्प्लिट" असं लिहून दाखवणारे. पण आधी एक काम करा. ती लाइन पॅच पॅनलवर न जाता सरळ क्रिम्प केलेली (टोकाला कनेक्टर दाबून बसवलेला) असेल तर मोबाइलचा टॉर्च लावून दोन्ही कनेक्टरचे रंग वाचा. बरोबर क्रम आहे पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. म्हणजे हिरवी जोडी निळीला दोन्ही बाजूंनी कवेत घेते.

कॅमेऱ्याचं वाघोडियावाले सांगतील, ते रोज तेच करतात. पुराच्या लाइनीबद्दल मी मागाहून लिहितो, ती मला जास्त महत्त्वाची वाटते.

कारेलीबाग_लॅब

काका, फोटो टाकलाय, बघा. दोन्ही टोकांना हिरव्याशेजारी हिरवा आणि निळ्याशेजारी निळा. अगदी तुम्ही लिहिलं तसं! क्रिम्पिंग टूल आहे, उद्या दोन्ही टोकं कापून परत करते.

पंचडाउन_मकरपुरा

फोटो बघितला. तेच आहे. करताना पीळ कनेक्टरच्या अगदी तोंडापर्यंत राहू द्या, अर्धा इंचापेक्षा जास्त उलगडू नका. आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या खाचेत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ओढा तारांवर येतो.

वाघोडिया_सीसीटीव्ही

ताई, तुमच्या कॅमेऱ्याला वीज कशी जाते? पीओई स्विचमधून, की खाली १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि दोन्ही टोकांना ते छोटे स्प्लिटर (त्याच केबलच्या मोकळ्या तारांतून वीज पाठवणारे)?

कारेलीबाग_लॅब

स्प्लिटरच आहेत. खाली १२ व्होल्टचा अडॅप्टर. केबलवर छापलेले मीटर दोन्ही टोकांना वाचले, ४० मीटर आहे.

वाघोडिया_सीसीटीव्ही

छापलेले मीटर वाचलेत हे फार बरं केलंत. मग तुम्हाला पीओई टेस्टर लागणार नाही, तो ४८ व्होल्टच्या खऱ्या पीओईसाठी असतो. शाळेच्या फिजिक्स लॅबमधला मल्टिमीटर पुरे.

अडॅप्टर बंद करा, दोन्ही टोकं मोकळी करा. वरच्या टोकाला निळी आणि पांढरी-निळी एकमेकींना जोडा. खाली त्याच दोन तारांवर ओहम मोजा. मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावून जे ०.२-०.३ दिसतं ते वजा करा. २४ गेजचं खरं तांबं असेल तर ४० मीटर जाऊन-येऊन ८० मीटर, साधारण ६.७ ओहम यायला हवेत. दहाच्या पुढे गेलं तर समजा की तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. मग ब्लेडने एक तार खरवडा. आतून पांढरी निघाली की प्रश्नच मिटला.

कारेलीबाग_लॅब

१०.६ ओहम. खरवडली, आतून चांदीसारखी पांढरी. केबलच्या आवरणावर मात्र कॅट-६ लिहिलंय.

वाघोडिया_सीसीटीव्ही

आवरणावर काहीही छापतात. कॅटेगरी केबलच्या मानकात वाहक तांब्याचाच असावा लागतो, म्हणून ही केबल मुळात कॅट-६ नाहीच.

रात्री काय होतं ते बघा. स्प्लिटर दोन तारा मिळून प्लस आणि दोन मिळून मायनस वापरतो, म्हणून वाटेतला रोध तुमच्या आकड्याच्या निम्मा, ५.३ ओहम. दिवसा कॅमेरा पाव अँपिअर घेतो असं धरा, १.३ व्होल्ट वाटेत गेले, कॅमेऱ्याला १०.७ मिळाले, तो चालतो. अंधारात इन्फ्रारेड दिवे लागले की करंट ०.६ च्या आसपास जातो. आता ३.२ व्होल्ट वाटेत जातात आणि कॅमेऱ्याला ८.८ मिळतात. तो बंद पडतो, दिवे विझतात, भार उतरतो, परत चालू होतो. हेच तुम्ही रोज संध्याकाळी बघताय. खऱ्या तांब्यावर रात्रीसुद्धा दहाच्या आसपास मिळाले असते.

ती लाइन बदला. आणि कॅमेरा पीओईचा असेल तर स्प्लिटर काढून टाका. ४८ व्होल्टवर तेवढ्याच वॉटला करंट चौथाईवर येतो, मग वाटेतला घसारा जाणवतसुद्धा नाही.

नवशिका_दांडियाबाजार

मधेच विचारतो, माफ करा. त्या बीपवाल्या ट्रॅकरचा उपयोग मग कधी? आमच्याकडे जुन्या वाड्यात ऑफिस आहे, रॅकमध्ये तीस केबली बिनलेबलच्या लटकताहेत. ट्रॅकर घेतला तर सगळ्याच केबलींवर बीप वाजतो.

पंचडाउन_मकरपुरा

भाऊ, "ही केबल कुठली" या एका प्रश्नासाठी ट्रॅकरइतकं चांगलं काही नाही. दोष शोधायला मात्र घेऊ नका. साधा ट्रॅकर कानाला ऐकू येईल असा सूर तारेवर सोडतो, आणि जुडग्यात शेजारच्या तारा तो उचलतात. सूर एका जोडीच्या दोन तारांवर सोडू नका, पिळामुळे तो आतल्या आत दबतो. एक क्लिप एका जोडीच्या तारेवर आणि दुसरी वेगळ्या जोडीवर किंवा अर्थिंगवर लावा. मग आवाज जिथे सगळ्यात मोठा ती तुमची केबल. खात्री करायची असेल तर तुम्ही ऐकताय त्या टोकाला त्या दोन तारा एकमेकींना टेकवा, सूर एकदम मरतो.

आणि केबल चालू स्विचमध्ये असेल तर साधा सूर पोर्टच्या आतच विरतो. चालू लाइनीसाठी डिजिटल ट्रॅकर येतात. नाहीतर पोर्टचा दिवा लुकलुकवणारे टेस्टर येतात, रॅकसमोर उभं राहून बघायचं. स्विच एलएलडीपी बोलत असेल (म्हणजे आपलं नाव आणि पोर्ट नंबर लाइनीवर सांगत असेल) तर लॅपटॉप लावूनच पोर्टचा नंबर वाचता येतो.

आता ताईंची पुराची लाइन. इथे मल्टिमीटर अर्धवट मदत करेल आणि दिव्यांचा टेस्टर अजिबात नाही, कारण दोष कायमचा नाही आणि तो कुठे आहे हेच आपल्याला हवंय. इथे टीडीआर लागतो.

टीडीआर केबलमध्ये एक झटका सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतो. केबलचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) सगळीकडे १०० ओहम असला तर काहीच परत येत नाही. जिथे तो बदलतो तिथून परत येतं: तार तुटली असेल तर सरळ, शॉर्ट असेल तर उलटं, आणि पाणी शिरलं असेल तर इम्पिडन्स खाली जाऊन हलकासा उलट प्रतिध्वनी. झटका जाऊन-यायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघतं. सिग्नल केबलमध्ये प्रकाशाच्या साधारण ६९ टक्के वेगाने धावतो, म्हणजे नॅनोसेकंदाला वीस सेंटिमीटरच्या थोडं वर. ३१ मीटरवरचा दोष ३०० नॅनोसेकंदांनी उत्तर देतो.

तो टक्का केबलगणिक थोडा बदलतो, आणि टेस्टरमध्ये चुकीचा भरलेला असला तर सगळी अंतरं त्याच प्रमाणात चुकतात. म्हणून लांबी माहीत असलेला त्याच केबलचा तुकडा मोजून आकडा आधी जुळवून घ्यावा. अगदी जवळचा दोष टीडीआरला दिसत नाही, झटका संपायच्या आत उत्तर येऊन जातं. तुमची शंका तळमजल्यावरच्या बॉक्सवर आहे, तर मोजणी रॅकच्या टोकाने करा.

दुकानात "लांबी दाखवणारा" म्हणून जे विकतात त्यातले काही टीडीआर नसतात, कॅपॅसिटन्स मोजून लांबी काढतात. टोक मोकळं असेल तोवर ते ठीक सांगतात, शॉर्ट किंवा ओल कुठे आहे ते सांगू शकत नाहीत. घेण्याआधी दुकानदारासमोर एका तुकड्याचं टोक शॉर्ट करून दाखवायला सांगा. अंतर आलं तर टीडीआर.

ताई, पण घाईने घेऊ नका. शनिवारी दुपारी मी माझा टेस्टर घेऊन शाळेत येतो. पोर्टमध्ये पीओई चालू असेल तर ते बंद करून ठेवा, चालू पोर्टात टेस्टर घातला तर जळू शकतो.

तळेगाव_आयटी

काका, "बाकीची टूलं म्हणजे अंदाज" हे मी मागे घेतो. स्प्लिट पेअर टॉर्चने दिसेल हे मनातच आलं नव्हतं.

कारेलीबाग_लॅब

शनिवारचं सांगते. काका आले, मुलंही थांबली होती, त्यांना सगळं बघायचं होतं.

आधी अकाउंट्स. दोन्ही टोकं नव्याने क्रिम्प केली होती, काकांच्या टेस्टरने चारही जोड्या नीट दाखवल्या. दोन लॅपटॉप लावून आयपर्फ (वेग मोजणारा प्रोग्रॅम) चालवलं, ९३८ मेगाबिट. गिगाबिटवर ९४० च्या फारसं पुढे मिळत नाही असं काका म्हणाले. सीआरसी शून्य.

मग प्रवेश-खिडकी. रॅककडून मोजलं तर तीन जोड्या ३३ मीटर दाखवत होत्या, तपकिरी जोडी ३१ मीटरवर काहीतरी आहे म्हणत होती. बॉक्स खोलला. कीस्टोनच्या (बॉक्समधल्या सॉकेटच्या) पात्यांवर हिरवा थर चढला होता. नवीन कीस्टोन लावून पुन्हा मोजलं, ३१ मीटरवरचं चिन्ह तिथेच! काकांनी आवरण चिरलं तेव्हा आत तारांवर ओलसर काळपट डाग होते, भिंतीत वरपर्यंत. पाणी बॉक्समध्ये थांबलं नव्हतं, आवरणाच्या आतून केशाकर्षणाने वर चढलं होतं. आमच्या आठवीच्या मुलांना ते शब्दात माहीत होतं, डोळ्यांनी त्या दिवशी बघितलं. दोन मीटरहून थोडं जास्त कापल्यावर चकचकीत तांबं लागलं. केबल अर्थातच अपुरी पडली. आता बॉक्स खिडकीच्या वर, छातीच्या उंचीला घेतलाय.

ग्वाल्हेर_लष्कर

त्या खोलीत आणखी किती बॉक्स पाण्यात होते?

कारेलीबाग_लॅब

हा धरून तीन. बाकीचे दोन अजून चालताहेत, पण काकांनी मोजले तेव्हा त्यातल्या एकात तसंच चिन्ह दिसलं, शेवटच्या मीटरभरात. ते दोन्हीही वर घेणार आहोत.

पैशांचं व्यवस्थापनाशी बोलून ठरलं. टीडीआर घेतला नाही, काकांचा टेस्टर लागेल तेव्हा मिळणार आहे. एक चांगलं क्रोन टूल (सॉकेटच्या पात्यांत तार दाबून बसवणारं), एक डिजिटल ट्रॅकर, आणि बाकीच्या पैशांतून खऱ्या तांब्याच्या केबलचं ३०५ मीटरचं खोकं. दुकानात खोकं उघडायला लावून मी आधी टोकाची तार ब्लेडने खरवडली, मग पैसे दिले. गच्चीची लाइन रविवारी ओढली, नवव्या इयत्तेची दोन मुलं आणि शिपाईकाका मदतीला होते. त्याच चाळीस मीटरवर आता ६.८ ओहम येतात. कॅमेरा तीन रात्री सलग चालू आहे.

नवशिका_दांडियाबाजार

काका, क्लिप वेगळ्या जोडीवर लावून बघितली. तीसपैकी एकवीस केबली सापडल्या. उरलेल्या नऊ कुठेच वाजत नाहीत.

पंचडाउन_मकरपुरा

भाऊ, त्या नऊ बहुतेक भिंतीतच कुठेतरी कापून सोडलेल्या असतील. पुढच्या शनिवारी दांडियाबाजारात येतो, लांबी मोजू.